हृदयाचे उलटे गणित सोडविणारा डॉक्टर : विलेम आइन्टहोवेन



दहावीचा निकाल लागला की दरवर्षी काही मुले-मुली आपल्या अम्मी-अब्बांना घेऊन सल्ला विचारायला येतात. बहुतेकांना डॉक्टर व्हायचे असते. त्यांतल्या बऱ्याच जणांनी एक गोष्ट आधीच मनाशी ठरविलेली असते, ती अशी की डॉक्टरीला गणित लागत नाही, तेव्हा अकरावीत गणित सोडले तरी चालेल. पालकही मान डोलावतात. प्रवेशाच्या नियमापुरते हे म्हणणे खोटे नाही, म्हणून मी फारसा वाद घालीत नाही. पण अशा प्रत्येक वेळी मला एका डच डॉक्टरांची आठवण होते. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा त्यांच्याविषयीच लिहायचे ठरविले.

ज्या घरातील एकाही वडीलधाऱ्या माणसाचा कार्डिओग्राम निघालेला नाही असे घर आपल्यात आता विरळाच. छातीत कळ येते, धावपळ करून दवाखान्यात नेले जाते, हातापायांना पट्टे बांधले जातात, छातीवर गार मलम लावले जाते आणि चौकटीच्या कागदावर एक नागमोडी रेघ उमटत बाहेर येते. डॉक्टर ती पट्टी उजेडाकडे धरतात, आणि आपण पट्टीकडे नव्हे, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. ती रेघ जगात प्रथम अचूक कोणी मिळविली, आणि ती अचूक आहे हे त्यांनी कशावरून ओळखले, याची हकीकत आपल्या मुलांना माहीत असावी असे मला वाटते.

विलेम आइन्टहोवेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारंग या बंदराच्या शहरी झाला. आजचा इंडोनेशिया तेव्हा डचांच्या ताब्यात होता. वडील याकोब हे लष्करी डॉक्टर. विलेम अवघे सहा वर्षांचे असताना वडील वारले. आई लुईज यांच्या पदरी सहा मुले होती. त्यांनी १८७० साली मुलांना घेऊन समुद्रमार्गे हॉलंड गाठले व उट्रेख्ट या विद्यापीठाच्या गावी बिऱ्हाड केले. विधवा बाई, सहा लेकरे, आणि मुलांना कधी न पाहिलेला देश. त्या माउलीविषयी इतिहासात फार कमी लिहिले गेले आहे. मला तर या चरित्रातील पहिला मोठा निर्णय तिचाच वाटतो.

विलेम यांनी १८७८ साली उट्रेख्टमध्ये वैद्यकाच्या अभ्यासाला सुरुवात केली. शिक्षण लष्कराच्या मदतीने चालले होते, म्हणजे पुढे वडिलांप्रमाणेच लष्करी डॉक्टर होऊन पूर्वेकडील वसाहतीत नोकरी करायची असा बेत होता. पण हा मुलगा नुसता पुस्तकी नव्हता. व्यायाम, पट्टा आणि होडी वल्हविणे यांचा त्याला मोठा नाद. एकदा कसरत करताना पडून मनगट मोडले. आपण अशा वेळी प्लास्टर सुटेपर्यंतचे दिवस मोजतो. विलेम मात्र हात फिरतो तो नेमका कसा फिरतो याचा विचार करू लागले, आणि त्यातून कोपराच्या सांध्याच्या यंत्ररचनेवर त्यांचा पहिला शास्त्रीय लेख तयार झाला. शरीर हे एक यंत्र आहे व त्याला मोजमाप लागू पडते ही दृष्टी तेथपासूनची.

१८८५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि लगोलग लायडन विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाच्या प्राध्यापकपदी त्यांची नेमणूक झाली. जानेवारी १८८६ मध्ये उरलेली वैद्यकीय परीक्षा देऊन ते त्या जागी रुजू झाले. वय पंचवीस वर्षे. लष्करी नोकरी राहिली ती राहिलीच, आणि पुढली एक्केचाळीस वर्षे, मरेपर्यंत, ते लायडनलाच राहिले.

आता मूळ विषयाकडे येऊ. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयाच्या स्नायूंतून विजेची एक क्षीण लहर जाते. तिचा अंश कातडीपर्यंत पोहोचतो, पण तो व्होल्टच्या सुमारे हजाराव्या भागाएवढाच असतो. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची ही वीज शरीर न उघडता प्रथम नोंदविली. १८८९ मध्ये बाझल येथे भरलेल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या परिषदेत वॉलर यांचे प्रात्यक्षिक आइन्टहोवेन यांनी पाहिले. वॉलर यांना आरंभी रुग्णालयात या नोंदीचा फारसा उपयोग होईल असे वाटत नव्हते. आइन्टहोवेन यांना निराळे वाटले.

वॉलर जे उपकरण वापरीत त्यात केसासारख्या बारीक काचनळीत पारा असे व त्याखाली पातळ गंधकाम्ल. विजेचा दाब बदलला की पाऱ्याचे टोक वरखाली सरकते. त्याची सावली सरकत्या फोटोच्या काचेवर पाडली की वक्ररेषा मिळते. कल्पना सुरेख, पण पारा जड आणि नळी अरुंद. हृदयाची लहर क्षणात चढून क्षणात उतरते, आणि पारा बिचारा निम्म्या वाटेवर असतानाच त्याला परत फिरावे लागते. परिणामी काचेवर उमटे ती गोलसर, मंद, आळसावलेली रेघ. ती हृदयाची रेघ नव्हती. हृदय आणि पारा या दोघांची मिळून झालेली रेघ होती.

येथे जरा थांबा, कारण सगळी मेख येथेच आहे. बाजारात माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारतो आणि आवाजावरून माठ पक्का आहे की चिरलेला हे ठरवितो. माठ कसा आहे हे आधी ठाऊक असेल तर त्याचा आवाज कसा येईल हे सांगणे हा सरळ प्रश्न. आवाज ऐकून माठाचे अंतरंग सांगणे हा उलटा प्रश्न. गणितज्ञ त्याला व्यस्त प्रश्न म्हणतात. कारणावरून परिणाम काढणे बहुधा सोपे असते, आणि परिणामावरून कारण काढणे बहुधा कठीण. डॉक्टरचा सारा धंदाच व्यस्त प्रश्नांचा आहे, हे आमच्या गणित सोडणाऱ्या मुलांच्या लक्षात येत नाही.

आइन्टहोवेन यांच्यापुढचा प्रश्न असा होता : पाऱ्याने काढलेली चुकीची रेघ हाती आहे, तर हृदयाने पाठविलेली खरी रेघ कोणती? त्यांनी पाऱ्याचा स्वभाव तपासला. पारा ज्या वेगाने सरकतो तो वेग, खरा दाब आणि पाऱ्याने आतापर्यंत दाखविलेला दाब यांतील फरकाच्या प्रमाणात असतो. फरक मोठा असेल तर पारा घाईने धावतो, कमी असेल तर सावकाश. म्हणजेच वक्ररेषेच्या कोणत्याही बिंदूपाशी पारा किती वेगाने धावत होता हे कळले, तर तो किती मागे पडला होता हेही कळते. वेग म्हणजे वक्राचा त्या बिंदूपाशी असलेला चढ. तो मोजायचा, उपकरणाच्या ठराविक गुणकाने गुणायचा आणि येणारी संख्या तेथील उंचीत मिळवायची. ठरलेला दाब एकदम देऊन पारा कसा चढतो ते पाहिले की गुणकही सापडतो. असे बिंदूमागून बिंदू करीत गेले की खरी रेघ कागदावर उभी राहते.

चढ मोजण्याचे हे शास्त्र म्हणजे कलन. वैद्यकाच्या शिक्षणात ते कोणी शिकविले नव्हते. आइन्टहोवेन यांनी ते स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. प्राध्यापक झाल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन गणिताला बसणे किती जणांना जमेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण गुणाकार-बेरीज आली म्हणून काम भागत नव्हते. व्यस्त प्रश्नाची एक खोड असते. मोजमापात तिळाएवढी चूक झाली तर उत्तरात ती ताडाएवढी होते. रेघ किंचित थरथरली तर तिची उंची फारशी बदलत नाही, पण चढ भलताच बदलतो, आणि आपल्याला तर चढच हवा आहे. लायडनची प्रयोगशाळा जुन्या इमारतीत होती, आणि बाहेरच्या दगडी रस्त्यावरून घोडागाड्या धडधडत जात. उपकरण हलू नये म्हणून त्यांनी जमीन उखडून खोल खड्डा खणविला व त्यात मोठमोठे दगड भरले, असे सांगतात. वेडेपणा वाटावा अशी ही खटपट, पण तिच्यामागे गणिताचीच गरज होती.

१८९५ साली त्यांनी सुधारलेला वक्र प्रसिद्ध केला. कच्च्या वक्रावरील लाटांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे होती. गणिताने मिळालेला वक्र वेगळा ओळखू यावा म्हणून त्यावरील लाटांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. मधलीच अक्षरे का घेतली यावर विद्वानांत चर्चा आहे. भूमितीत बिंदूंना पी, क्यू म्हणण्याची जुनी रीत आहे, तिचा परिणाम असावा असे काहींचे मत. ते काही असो, आज जगातला कोणताही डॉक्टर कार्डिओग्राम वाचताना तीच अक्षरे उच्चारतो.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बीजगणिताला इंग्रजीत जे नाव आहे ते अल्-ख्वारिझ्मी यांच्या नवव्या शतकातील बगदादमधल्या ग्रंथावरून आले. जुन्या उर्दू शाळांतून शिकलेल्या वडीलधाऱ्यांना जब्र-ओ-मुकाबला हा शब्द ऐकून माहीत असेल. त्या जब्र शब्दाचा एक अर्थ मोडलेले पूर्ववत् जोडणे असा आहे, आणि हाड बसविण्यालाही तोच शब्द. पाऱ्याने मोडलेली रेघ आइन्टहोवेन यांनी गणिताने बसविली, तेव्हा त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी आले.

आता विचार करा. त्यांच्या हाती खरी रेघ आली होती, पण ती कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ती गणिताची रेघ होती. गणितात किंवा गृहीतात कुठे खोट असती तर? शिवाय एकेका रेघेसाठी एवढा हिशेब करायचा तर रोगी बरा होऊन घरी जायचा, नाहीतर दगावायचा. तेव्हा त्यांनी ठरविले की असे उपकरण बनवायचे, ज्याला दुरुस्तीची गरजच पडणार नाही. पाऱ्याचा दोष त्याच्या जडपणात होता, म्हणून जवळजवळ वजनच नसलेली वस्तू पाहिजे.

ती वस्तू म्हणजे क्वार्ट्झचा धागा, केसापेक्षा कितीतरी बारीक. तो ओढण्याची युक्ती इंग्लंडमधील बॉइज यांनी काढलेली. वितळलेले क्वार्ट्झ बाणाला चिकटवायचे आणि धनुष्यातून बाण सोडायचा. बाणामागे ताणला जाऊन जो तंतू मागे राहतो तो इतका सूक्ष्म असतो, की नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण. त्यावर चांदीचा थर देऊन आइन्टहोवेन यांनी तो एका प्रचंड विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून बसविला. हृदयाची वीज धाग्यातून गेली की धागा बाजूला सरके. त्याची सावली शेकडो पटींनी मोठी करून सरकत्या फोटोच्या काचेवर पाडली जाई. तारेचे असे यंत्र फ्रान्समध्ये आदेर यांनी समुद्राखालच्या तारायंत्रासाठी आधी केले होते. पण हृदयाची क्षीण वीज टिपण्याइतके नाजूक यंत्र आइन्टहोवेन यांचेच. १९०१ साली त्यांनी त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले.

नाजूक होता तो धागा. यंत्र मात्र दोन खोल्या व्यापणारे होते, वजन सुमारे २७० किलो, आणि चालवायला पाच माणसे. चुंबक इतका तापे की तो पाण्याने सतत थंड ठेवावा लागे. रोगी खुर्चीवर बसून दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून ठेवी.

आणि त्या धाग्याने काढलेली रेघ? सात-आठ वर्षांपूर्वी गणिताने काढलेल्या रेघेशी ती जुळली. तीच पी, तीच टोकदार आर, तीच टी. कोणताही हिशेब न करता हृदयाने स्वतःच काढलेली रेघ आणि एका माणसाने कागदावर चढ मोजून काढलेली रेघ एकमेकींची साक्ष देत होत्या. शास्त्राच्या इतिहासात पुष्कळ मोठे शोध आहेत. पण परीक्षेत उत्तर आधी लिहावे आणि ते बरोबर आहे हे अनेक वर्षांनी कळावे, तोवर त्यावर विश्वास ठेवून काम करीत राहावे, असे प्रसंग मला फार माहीत नाहीत.

पुढचा अडथळा साधा होता. यंत्र प्रयोगशाळेत आणि रोगी दीड किलोमीटर दूर रुग्णालयात. यंत्र उचलून नेता येईना आणि रोग्यांना आणणे धोक्याचे. मग १९०५ साली त्यांनी टेलिफोनच्या तारेने दोन्ही जागा जोडल्या. रोगी रुग्णालयात, आणि त्याच्या हृदयाची रेघ प्रयोगशाळेत. हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितपणाचे कित्येक नमुने त्यांनी या मार्गाने नोंदवून १९०६ मध्ये छापले. पुढे केंब्रिजच्या एका कारखान्याने हे यंत्र बाजारात आणले, आणि लंडनचे डॉक्टर थॉमस लुइस यांनी त्याचा रुग्णांसाठी इतका कसून उपयोग केला, की आइन्टहोवेन स्वतः त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य करीत.

येथे दुसरा उलटा प्रश्न उभा राहिला, आणि तो पहिल्यापेक्षा फार अवघड. कातडीवरची वीज आता अचूक मिळाली. पण त्यावरून आत हृदयात वीज कोठून कोठे जाते ते कसे सांगायचे? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ सालीच दाखवून दिले होते, की वाहक पदार्थाच्या नुसत्या पृष्ठभागावर मोजमाप करून आतील विजेचे उगम एकमेव असे ठरविता येत नाहीत. आत निरनिराळ्या रचना असूनही बाहेर तंतोतंत एकच चित्र दिसू शकते. दोन निरनिराळ्या माठांतून एकच आवाज यावा तसे.

आइन्टहोवेन यांनी प्रश्नच लहान केला. सगळे हृदय सांगता येत नाही ना, मग त्याचा सारांश सांगू. हृदयातील सगळ्या विजेची मिळून त्या क्षणी एकच दिशा व एकच परिमाण धरायचे, म्हणजे एक बाण. उजवा हात, डावा हात आणि डावा पाय हे समभुज त्रिकोणाचे तीन कोपरे मानायचे आणि बाण त्याच्या मध्यात ठेवायचा. त्रिकोणाच्या तीन बाजूंवर त्या बाणाच्या तीन सावल्या पडतात. त्याच कार्डिओग्रामच्या पहिल्या तीन लीड. सावल्या मोजल्या की भूमितीने बाण परत काढता येतो. १९१२-१३ च्या सुमारास मांडलेला हा आइन्टहोवेनचा त्रिकोण आजही वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो.

माणूस काही त्रिकोण नाही. फुप्फुसात हवा असते, हाडातून वीज नीट वाहत नाही, आणि हृदयही नेमके मध्यभागी नसते. आपण सोपे करून सांगत आहोत हे आइन्टहोवेन यांना पुरते ठाऊक होते. त्यांच्या मागून आलेल्यांनी छातीवरच्या लीड वाढविल्या, आणि १९४६ साली बर्गर व फान मिलान यांनी तो त्रिकोण खरोखर समभुज नाही हे दाखविले. १९७० नंतर संगणकाच्या साहाय्याने हृदयाच्या पृष्ठभागावरील वीज कातडीवरून उलटी काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यासाठी रशियन गणितज्ञ तिखोनोव यांची पद्धत वापरतात. मोजमापांशी बऱ्यापैकी जुळतील अशी अनेक उत्तरे असली तर त्यांतले अवास्तव उड्या न मारणारे, शांत उत्तर ती निवडते. २००४ मध्ये अमेरिकेत योराम रूडी यांच्या गटाने छातीवर दोनशेहून अधिक इलेक्ट्रोड लावून जिवंत माणसांच्या हृदयावरील विजेचे असे नकाशे प्रसिद्ध केले. तरी हेल्महोल्ट्झ यांनी दाखविलेली अडचण गणितातून नाहीशी झालेली नाही. तिच्याशी समजुतीने वागायला लोक शिकले आहेत इतकेच. या विषयात करण्यासारखे पुष्कळ काम शिल्लक आहे, आणि ते करणाऱ्याला हृदयही समजले पाहिजे व समीकरणही.

१९२४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आइन्टहोवेन यांना जाहीर झाले, तेव्हा ते अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. पारितोषिकाच्या रकमेविषयी एक गोष्ट सांगतात. यंत्र उभारताना प्रयोगशाळेतील एका कारागीर साहाय्यकाने अनेक वर्षे त्यांच्याबरोबर खपून काम केले होते. आइन्टहोवेन यांनी त्याचा शोध घेतला, तेव्हा तो वारल्याचे व त्याच्या दोन बहिणी गरिबीत दिवस काढीत असल्याचे कळले. त्यांनी निम्मी रक्कम त्या बहिणींना दिली.

त्यांचा मुलगा विद्युत अभियंता झाला. अखेरच्या वर्षांत बापलेक दोघे मिळून क्वार्ट्झचा धागा निर्वात नळीत बसवून दूरच्या बिनतारी संदेशांच्या खटपटीत होते, आणि त्या धाग्याने जावाहून येणारे संदेशही टिपले. सप्टेंबर १९२७ अखेर, दीर्घ आजारानंतर, आइन्टहोवेन यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणाचा जुना कार्डिओग्राम ठेवलेला असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून तो काढा. त्यावर रोमन आकड्यांत एक, दोन, तीन अशा तीन लीड लिहिलेल्या दिसतील. प्रत्येकीतील उंच टोकदार लाटेची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. खाली गेलेला भाग असेल तर तो वजा करा. एक मिलिव्होल्टला दहा मिलिमीटर ही उंचीची पट्टीही आइन्टहोवेन यांच्याच काळापासूनची. आता पहिल्या व तिसऱ्या लीडची बेरीज करा आणि दुसरीशी ताडून पाहा. एखाद्या मिलिमीटरचा फरक येईल, कारण तिन्ही लाटांची टोके अगदी एकाच क्षणी येत नाहीत. समजा पहिली ५, दुसरी १० आणि तिसरी ५ आली. मग समभुज त्रिकोण काढा, बाण कोणत्या कोनात बसतो ते शोधा, आणि ६० अंशाचा कोसाइन किती असतो ते आठवा. कागदावर काय आजार आहे ते मात्र डॉक्टरांना सांगू द्या.